परकीय मदतीत पहिला वाटा बालकांचा



श्रीमंत राष्ट्रांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम गरीब राष्ट्रांना द्यावी, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रसंघाने १९७० साली ठरविले. ब्रिटनने २०१५ मध्ये तसा कायदा केला. परंतु २०२१ मध्ये हा वाटा ०.५ टक्क्यांवर आणला आणि २०२७ पर्यंत ०.३ टक्के करण्याचे २०२५ मध्ये जाहीर केले.

अशा कपातीत बालकांची बाजू कोण मांडणार? बालकाला मत नाही, मोर्चा काढता येत नाही. रस्ता पाच वर्षांनीही बांधता येतो. कुपोषणाने खुंटलेले बालपण परत मिळत नाही. म्हणून मदत थोडी असो वा फार, लस, पोषण व शाळा यांचा वाटा आधी काढावा, असे आम्ही म्हणतो.

ही भीक नव्हे, हक्क आहे. १९८९ च्या बालहक्क करारात आंतरराष्ट्रीय सहकार्य नमूद आहे. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला.

१९१३ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. वेळेवर मिळालेल्या मदतीचे मोल आपण जाणतो. विद्यार्थ्यांनो, जगातील बालकांसाठी तेच मागा.

भवतु सब्ब मंगलं!