स्वागताध्यक्षीय भाषण : भंडाऱ्यात बालकुमार कादंबरीची पारख

बालकुमारांसाठी लिहिलेल्या नव्या कथा-कादंबऱ्या वाचायच्या कोणी आणि त्यांची पारख करायची कोणी, हा या संमेलनाचा विषय आहे. मुलांचे पुस्तक मोठी माणसे लिहितात, मोठी माणसे छापतात, मोठीच विकत घेतात आणि बक्षीसही तीच देतात. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्या हाती ते सर्वांत शेवटी पडते. या अडचणीवर दोन दिवस विचार करण्यासाठी आलेले लेखक, शिक्षक, ग्रंथपाल, प्रकाशक आणि परीक्षक यांचे स्वागत समितीच्या वतीने भंडारा नगरीत स्वागत आहे.

रिवाजाप्रमाणे आधी गाव, मग विषय.

भांड्यांवरून भंडारा, अशी व्युत्पत्ती गावात सर्रास सांगितली जाते आणि पितळी गुंड, गडवे, पराती घडवणाऱ्या गावाला ती शोभतेही. रतनपूरच्या 1114 च्या शिलालेखात मात्र ‘भाणार’ असे नाव आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी हे गाव नाव घेण्याजोगे होते, एवढे तरी नक्की. वैनगंगा, धानाची बांधी, तुमसरची तांदळाची बाजारपेठ, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी, आंधळगावचे कोसा विणणारे माग ही जिल्ह्याची ओळख शाळेच्या पुस्तकात येते. कोहळी समाजाच्या जुन्या जाणत्यांनी उतार ओळखून बांधलेली तळी, म्हणजे आजचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, त्या मानाने कमी सांगितली जातात. 1954 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून उभे राहिले आणि पराभूत झाले, ही गोष्ट तर स्वागताच्या भाषणांतून बहुधा गळतेच. गावाचा इतिहास सांगायचा तर तीही सांगितली पाहिजे.

पण जिल्ह्याचा खरा ठेवा पवनीला आहे, आणि तेथे थोडे थांबणे भाग आहे. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीला उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली जगन्नाथ टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप बाहेर आला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली सापडली. मुचलिंद नागाचे शिल्प सापडले, तेही नावानिशी. आणि एका लेखात नाग नावाच्या माणसाला ‘पंचनेकायिक’ म्हटलेले आढळले. बुद्धवचनाचे पाचही निकाय ज्याला अवगत आहेत, तो पंचनेकायिक. ही पदवी भारहूतच्या लेखातही भेटते. पाचव्या निकायातच जातककथांचा संग्रह येतो. शहाणा ससा, उपकार विसरणारा माणूस, बडबडे कासव अशा गोष्टी पाठ असलेला एक जण दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठी होता, असा याचा अर्थ. जिल्ह्यातल्या पहिल्या नोंदलेल्या कथाजाणत्याचा पवनीत साधा नामफलक नाही. बालकादंबरीच्या परीक्षणाशी त्याचा धागा बारीक आहे, हे मान्य. पण ज्याला पाचही पेटारे ठाऊक त्यानेच एका गोष्टीबद्दल बोलावे, ही अट आजच्या परीक्षकालाही लावता येते. वर्षभरात आलेल्या तीस पुस्तकांपैकी सहा चाळून निकाल देणारा पंचनेकायिक ठरत नाही.

मराठीत मुलांसाठी स्वतंत्र लिहिण्याची परंपरा जुनी आहे. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक 1881 मध्ये, वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ 1906 मध्ये आणि बालभारतीचे ‘किशोर’ 1971 मध्ये सुरू झाले. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने तर वाचकांच्या दोन-तीन पिढ्या सायकलवर बसवून फिरवल्या. मात्र या लेखनाची पद्धतशीर पारख उशिरा सुरू झाली. साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार 2010 पासून दिला जातो. मराठीत तो अनिल अवचट, दिलीप प्रभावळकर, माधुरी पुरंदरे, राजीव तांबे, रत्नाकर मतकरी अशा अनेकांना मिळाला. 2017 मध्ये ल. म. कडू यांचे ‘खारीच्या वाटा’, 2022 मध्ये संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ आणि 2024 मध्ये भारत सासणे यांचे ‘समशेर आणि भूतबंगला’ ही पुस्तके निवडली गेली. मधल्या 2023 मध्ये तोच पुरस्कार एकनाथ आव्हाड यांच्या कवितासंग्रहाला गेला.

येथे परीक्षकाचा पेच दिसतो. कविता आणि कादंबरी एका तराजूत, नऊ वर्षांचा वाचक आणि सोळा वर्षांचा वाचक एका बाकावर. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रकारांची विभागणी आहे: बालकादंबरीला साने गुरुजींचे नाव, बालकथेला राजा मंगळवेढेकरांचे. वयाचा प्रश्न मात्र तेथेही सुटत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी मुलाला चिऊकाऊ नको असते आणि मोठ्यांची कादंबरी घरात कोणी हाती देत नाही. ‘कुमार’ म्हणून छापलेल्या पुष्कळ पुस्तकांत हे वय फक्त मुखपृष्ठावर असते.

दुसरा पेच भाषेचा आहे, आणि त्यावर बोलण्याचा अधिकार या जिल्ह्याला थोडा अधिक आहे. भंडारा हा झाडीपट्टीचा भाग. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ होतो. पाणी ते पानी, डोळा तो डोरा. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासात आयुष्य घातले. संमेलनाच्या आधी समितीने काही शाळांत नव्या पुस्तकांच्या पेट्या ठेवल्या होत्या आणि प्रत्येक पुस्तकात अभिप्रायाची एक चिठ्ठी घातली होती. लाखांदूर तालुक्यातल्या एका शाळेतून परत आलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने एवढेच लिहिले होते: ‘आजी आमच्याइकडची नाही.’ कादंबरी वैनगंगेकाठच्या खेड्यात घडणारी, आणि आजी पानोपानी ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ म्हणणारी. परीक्षकांच्या टिपणात त्याच पुस्तकाच्या ‘अस्सल ग्रामीण बोली’ची तारीफ होती. दुसऱ्या एका चिठ्ठीवर नुसता पान क्रमांक होता, 41. वाचन तेथे थांबले होते.

झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार उभी राहते. पुढच्या रांगेत पोत्यावर पोरे बसतात. सोंग रंगले तर पहाटेपर्यंत डोळे टक्क. नाही तर अर्ध्या तासात सगळी रांग आडवी. दंडारीचे नट या परीक्षणावर रुसत नाहीत, पुढच्या गावात सोंग बदलतात. मुलांपुढे पुस्तक मोठ्याने वाचून पाहण्याची पद्धत याच जातीची आहे. अर्थात मुलांना आवडले म्हणजे पुस्तक उत्तम, असेही नव्हे. रचना, माहितीचा खरेपणा, चित्रे, छपाई, मुलगी आणि मुलगा यांना दिलेली कामे हे मोठ्यांनीच पाहायचे. जंगलाची गोष्ट असेल तर नागझिरा-कोका भागातल्या वनरक्षकाला एकदा दाखवावी. मारुती चितमपल्ली यांनी नवेगाव बांधच्या पाण्यावर आणि पाखरांवर लिहिले ते वर्षानुवर्षे तेथे राहून. (नवेगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया वेगळा झाला 1 मे 1999 रोजी.)

आता व्यवस्थेविषयी. भंडारा रोड स्टेशन गावात नसून वरठीला आहे, हे निमंत्रणपत्रिकेत छापायचे राहिले. पहाटे उतरलेल्या काही पाहुण्यांना त्यामुळे ऑटोची वाट पाहावी लागली. सभागृहाचा उजवा ध्वनिक्षेपक कालपासून खरखरतो. निवासाच्या काही खोल्यांत गरम पाणी सकाळी सात वाजेपर्यंतच मिळेल. जेवणात भात सढळ आहे, पोळी मोजकी. लाखोरीच्या डाळीचे वडे फक्त आज. या सर्व उणिवांबद्दल समिती दिलगीर आहे.

देणगीदारांचे ऋण मोठे आहे. पितळी भांड्यांच्या व्यापाऱ्यांनी प्रत्येक प्रतिनिधीसाठी एक छोटा गडवा दिला. तुमसरच्या राइस मिलवाल्यांनी तांदूळ पाठवला, भाड्यासकट. मंडपवाल्यांनी खुर्च्यांचे पैसे घेतले नाहीत, तुटलेल्यांचे घेतील. शिक्षकांनी एक दिवसाचा पगार दिला. महिला बचत गटांनी स्वयंपाकघर सांभाळले. शाळकरी मुलांनी पुस्तकांच्या पेट्या सायकलवरून आणल्या. प्रवेशद्वारावरच्या फ्लेक्सवर देणगीदारांची यादी आहे. तीत एक नाव दोनदा आले आहे आणि दोन नावे सुटली आहेत. दान देणाऱ्यांची नावे नोंदवण्याचे हेच काम पवनीच्या कारागिरांनी दगडात केले होते. सुटलेली दोन नावे दुपारपर्यंत कागदावर लिहून खाली चिकटवली जातील.

पहिले सत्र अकराला सुरू होईल. प्रदर्शनातली पुस्तके वाचायला नेता येतात. नाव वहीत लिहावे आणि उद्या दुपारी निघण्यापूर्वी ती परत करावीत. पेट्या सोमवारी पवनी तालुक्यातल्या शाळांत जायच्या आहेत.