बालक्रीडा केंद्रांचे बिनपगारी कारभारी



संस्थेचा इतिहास लिहिताना संस्थापकांची आणि देणगीदारांची नावे आवर्जून येतात. मात्र ज्यांनी संध्याकाळी दिवाबत्ती केली, वर्गणीसाठी दारोदार फिरून पावत्या फाडल्या, मध्यरात्रीपर्यंत जमाखर्चाचा मेळ घातला, त्यांची नावे बहुधा इतिवृत्ताच्या वहीतच राहून जातात. शताब्दीच्या या मंगल प्रसंगी अशाच अनाम कारभाऱ्यांचे स्मरण करणे उचित आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण दूरच्या न्यूझीलंड देशातले आणि चिमुकल्या मुलांच्या खेळाशी निगडित असले, तरी त्यातला प्रश्न प्रत्येक लोकाश्रयी संस्थेचा आहे.

१९४१ साली दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. न्यूझीलंडमधले अनेक तरुण आघाडीवर गेले होते आणि लहान मुलांच्या माता घरात एकाकी पडल्या होत्या. वेलिंग्टन शहरातील बिआट्रिस बीबी, इंगे स्मिथेल्स, जोन वुड आदी स्त्रियांनी एकत्र येऊन ‘प्लेसेंटर’ ही चळवळ सुरू केली. करोरी या उपनगरात पहिले केंद्र निघाले. मुलांना सवंगडी मिळावेत आणि मातांना घटकाभर उसंत लाभावी, एवढाच प्रारंभीचा साधा हेतू होता. १९४८ मध्ये या केंद्रांचा देशव्यापी महासंघ स्थापन झाला आणि ग्वेन सॉमरसेट या त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. फील्डिंग या गावी प्रौढशिक्षणाचे कार्य केलेल्या या विदुषींच्या प्रभावाने चळवळीला नवे परिमाण मिळाले. बालकाबरोबर पालकानेही शिकावे, ही त्या चळवळीची ओळख ठरली.

या केंद्रांचा कारभार मुलांचे पालकच पाहतात. आळीपाळीने मुलांसोबत वाळूत, पाण्यात, रंगांत रमायचे, बालसंगोपनाचे वर्ग पुरे करायचे, आणि त्याच वेळी अध्यक्ष, चिटणीस वा खजिनदार म्हणून संस्थाही चालवायची. काल सभेत तोंड उघडायला बिचकणारी तरुण माता आज ठराव मांडते, हिशेब समजून घेते, मतभेद झाल्यास चारचौघांची समजूत काढते. मुलांसाठी काढलेली संस्था अशा रीतीने प्रौढांचीही पाठशाळा बनते.

तथापि या रचनेत एक अंगभूत उणीव आहे. त्या देशात मूल सामान्यतः पाचव्या वाढदिवसाच्या सुमारास शाळेत जाते. शेवटचे मूल शाळेत गेले की पालकही केंद्राचा निरोप घेतात. कारभार अंगवळणी पडतो न पडतो तोच कारभारी बदलतो. त्यामुळे पदाला चिकटून राहण्याचा रोग तेथे सहसा जडत नाही. परंतु अनुभवाचा साठाही टिकत नाही. म्हणूनच नव्यांना शिकवण्याची पद्धतशीर व्यवस्था आणि नीट लिहिलेले इतिवृत्त यांना तेथे प्राणाइतके मोल आहे.

१९८९ नंतरच्या शैक्षणिक सुधारणांमुळे सरकारी अनुदानाची पद्धत बदलली. पैसा आला, तसे त्याच्याबरोबर सनदा, अहवाल आणि तपासण्याही आल्या. खेळणी दुरुस्त करणाऱ्या हातांना आता तक्ते भरावे लागू लागले. दुसरीकडे अर्थार्जनासाठी घराबाहेर पडणाऱ्या मातांना केंद्रासाठी सकाळ राखून ठेवणे अवघड झाले. पुढे प्रादेशिक संघटनांनी आपले स्वतंत्र अस्तित्व विसर्जित करून मध्यवर्ती महासंघात विलीन होण्याचा मार्ग पत्करला. कारभाराचा बोजा हलका व्हावा हा त्यामागचा विचार रास्त होता. पण जबाबदारी जितकी दूर जाते तितका आपलेपणा पातळ होतो, हेही विसरता येत नाही. शिवाय ‘सेवाभाव’ या गोड शब्दाआड बहुतांशी स्त्रियांचेच श्रम विनामूल्य वापरले जातात, हा आक्षेपही प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. कौतुकाचा हार घालून थकलेल्या माणसाचा थकवा उतरत नाही.

मराठी समाजाला बालशिक्षणाची थोर परंपरा आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ पासून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीस, आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर, वंचित बालकांसाठी काम केले. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा मार्ग. तेथे ध्येयनिष्ठ कार्यकर्ता पालकांच्या दारी गेला. वेलिंग्टनमध्ये पालक स्वतःच कार्यकर्ता झाला. दोन्ही वाटांचे मोल आहे; मात्र कार्यकर्त्याच्या निवृत्तीनंतर काय, हा प्रश्न दोहोंनाही चुकलेला नाही.

बृहन्महाराष्ट्रातील ग्रंथालयांनाही तो चुकलेला नाही. बडोदे संस्थानात १९१० नंतर सयाजीरावांच्या प्रेरणेने जी ग्रंथालय चळवळ फोफावली, तिच्यात लोकवर्गणीच्या जोडीला स्थानिक मंडळाचा आणि सरकारचा वाटा असे. लोकांचा स्वतःचा हात लागल्याखेरीज संस्था लोकांची होत नाही, हे त्यामागचे शहाणपण. आज अनेक ग्रंथालयांत बालक्रीडा केंद्रांच्या नेमका उलटा विकार दिसतो. तेथे माणसे फार लवकर जातात, येथे फार उशिरापर्यंत राहतात. तेथे स्मृती अपुरी, येथे स्मृती उदंड. पण ती सोपवायला समोर तरुण कोणी नाही.

यावर उपाय भव्य नाही. आठवड्यातून एक दुपार वाचनालयाचे दालन तान्ह्या-रांगत्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना मोकळे करावे. सतरंजी अंथरावी, चित्रांची पुस्तके खाली मांडावीत, आजीआजोबांनी गोष्टी सांगाव्यात. घराबाहेर ज्याच्या कानी मराठी क्वचितच पडते, त्या मुलाला तेथे मराठी बोलणारे सवंगडी भेटतील. मात्र त्या दुपारचा कारभार त्या तरुण पालकांच्याच हाती द्यावा. कार्यकारी मंडळात त्यांना जागा द्यावी, लहानशी रक्कम खर्चण्याचा अधिकार द्यावा आणि त्यांच्या चुका पोटात घालाव्यात. ज्येष्ठांनी हिशेबाची वही शिकवावी. पण वही आपल्याच काखेत ठेवू नये.

संस्थेचे वय तिच्या इमारतीवरून मोजले जाते. तिचे आयुष्य मात्र किल्ली कोणाच्या हाती सोपवली जाते यावर ठरते. शंभर वर्षे जपलेली ही किल्ली तरुण हातांत विश्वासाने पडो, हीच या ग्रंथालयास शुभकामना.