यादी कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



चळवळीतील कार्यकर्त्याच्या पिशवीत पूर्वी एक वही असे. सभासदांची नावे, पत्ते आणि वर्गणीच्या नोंदी तिच्यात असत व ती तो जिवापाड जपत असे. आज ती वही मोबाइलमध्ये गेली आहे. घरकामगार स्त्रियांचे दूरध्वनी क्रमांक, ऊसतोडणी मजुरांच्या आधारकार्डांची छायाचित्रे, कंत्राटी कामगारांनी मुकादमाविरुद्ध केलेल्या तक्रारी, हे सारे त्या लहानशा यंत्रात साठले आहे. परंतु वहीची जी काळजी घेतली जाई ती या यंत्राची घेतली जात नाही. कार्यकर्ता बेजबाबदार झाला, असा याचा अर्थ नव्हे. माहिती कोणत्या वाटांनी बाहेर जाते आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागते, याचे भान चळवळीत पुरेसे रुजलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ही किंमत किती जबर असू शकते, याचा दाखला ब्रिटनमध्ये सापडतो. तेथील बांधकाम उद्योगातील बड्या कंपन्या ‘कन्सल्टिंग असोसिएशन’ नावाच्या संस्थेकडून कामगारांची माहिती विकत घेत. २००९ साली माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने त्या संस्थेवर छापा घातला, तेव्हा ३,२१३ जणांच्या नोंदी हाती लागल्या. कोण युनियनमध्ये सक्रिय आहे, कामाच्या जागेवरील सुरक्षिततेविषयी कोणी तक्रार केली, अशा त्या नोंदी होत्या. उमेदवाराचे नाव या यादीत पडताळून त्याला काम नाकारले जाई आणि नकाराचे कारण त्या बिचाऱ्याला कधी कळत नसे. कंपन्यांनी नुकसानभरपाईचा मोठा समझोता केला तो २०१६ मध्ये. विशेष हे, की या नोंदी मुख्यतः साध्या कार्डांवर होत्या. संगणकाने अशी यादी बनवण्याचा, शोधण्याचा आणि विकण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला आहे. ज्या वस्तूचा उत्पादनखर्च घटतो आणि जिला मागणी असते तिचे उत्पादन वाढते, हा बाजाराचा साधा नियम येथेही लागू पडतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. समाजवादी राजकारण उघड्यावरचे राजकारण आहे, त्यात लपवण्यासारखे काय? आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. पक्षाचा कार्यक्रम, ठराव आणि हिशेब उघडेच असले पाहिजेत. परंतु ज्या स्त्रीने विश्वासाने आपली तक्रार सांगितली तिचे नाव ही पक्षाची मालमत्ता नव्हे. उघडे पडण्याचे धाडस पुढाऱ्याने स्वतःपुरते करावे. दुसऱ्याच्या रोजगाराच्या जिवावर ते करण्याचा अधिकार त्याला नाही.

गोपनीयता ही केवळ ज्याची त्याची खासगी बाब आहे, हे म्हणणेही टिकत नाही. एखादे फुकट ॲप मोबाइलमधील संपर्कयादी मागते आणि एक माणूस परवानगी देतो. त्या क्षणी यादीतील सर्वांची माहिती त्यांना न विचारता बाहेर जाते. सोय एकाची, नुकसान अनेकांचे. अर्थशास्त्र याला बाह्य परिणाम म्हणते. नदीत सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. हा प्रकार त्याच जातीचा आहे. अशा प्रश्नावर वैयक्तिक सावधगिरी पुरत नाही, संघटनेची शिस्त लागते.

या शिस्तीचा पहिला नियम असा, की गरज नसलेली माहिती गोळाच करू नये. सभासदत्वासाठी आधारकार्डाची प्रत लागत नसेल तर ती घेऊ नये. घेतली असेल तर काम संपताच नष्ट करावी. जी माहिती जवळ नाही ती चोरीला जात नाही आणि जप्तही होत नाही. अमेरिकेत २०१६ साली ‘सिग्नल’ या संदेशसेवेकडे एका तपासासाठी ग्राहकाची माहिती मागण्यात आली. तेव्हा खाते केव्हा उघडले आणि शेवटचा संपर्क केव्हा झाला, याखेरीज तिला काही देता आले नाही, कारण बाकीचे तिने साठवलेच नव्हते.

दुसरा नियम साधनांच्या निवडीचा. सिग्नल आणि व्हॉट्सॲप या दोन्हींवरील खासगी संदेश कूटबद्ध असतात. पाठवणारा व घेणारा यांच्याखेरीज मधल्या कोणाला ते वाचता येत नाहीत. परंतु पत्र बंद असले तरी पाकिटावरचा पत्ता दिसतोच. कोण कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोलले, एवढ्यावरून संपाची तयारी ओळखता येते. म्हणून ही बाहेरची माहितीही कमीत कमी राखणारी, नफ्यासाठी न चालणारी आणि जिची संगणकीय संहिता कोणालाही तपासता येते अशी सेवा अधिक विश्वासार्ह होय. व्हीपीएनवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. त्यामुळे विश्वासाची जागा फक्त बदलते. शिवाय ‘सर्ट-इन’ने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार अशा सेवांनी ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे जपून ठेवायचे आहेत.

तिसरा नियम माणसांचा. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. डॉ. राममनोहर लोहिया यांचे त्याला साहाय्य होते. पोलिसांना माग लागू नये म्हणून क्षेपणाची जागा वारंवार बदलली जाई. तरीही नोव्हेंबरमध्ये केंद्र पकडले गेले, ते एका तंत्रज्ञाने फितुरी केल्यामुळे. पुढे अनेक महिने चौकशी होऊनही उषाबेनींनी तोंड उघडले नाही. कूटलेखन कितीही भक्कम असले तरी गटात कोणाला घ्यायचे, जुने सभासद केव्हा काढायचे, कुलूप नसलेला मोबाइल कोणाच्या हाती द्यायचा, हे निर्णय यंत्र घेत नाही.

कायद्याचा आधार आहे, पण तो दुधारी आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार आहे. त्याच कायद्याने माहिती अधिकारातील व्यक्तिगत माहितीच्या कलमातून व्यापक लोकहिताची कसोटी वगळली. म्हणजे नागरिक सत्तेला अधिक दिसणार आणि सत्ता नागरिकाला कमी दिसणार. लोकशाहीत याच्या नेमके उलट असावयास हवे. म्हणून माहितीच्या अधिकाराचा लढा आणि गोपनीयतेचा लढा हे परस्परविरोधी नाहीत. बलवानाचा कारभार उघडा असावा आणि दुर्बलाचे घर झाकलेले असावे, ही त्या दोहोंची एकच मागणी आहे.

प्रत्येक शाखेने पुढच्या बैठकीत एवढेच करावे: जवळ असलेल्या याद्या मांडाव्यात, नको असलेल्या नष्ट कराव्यात, आणि उरलेल्यांची जबाबदारी नावानिशी एकेकावर सोपवावी. ज्यांनी विश्वासाने आपले नाव लिहून दिले, त्यांचे एवढे देणे संघटना लागते.