पदवी आणि हातोटी

जून महिन्यात पावसाची झड सुरू झाली, की राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावडा या डोंगरी तालुक्यांतून येणाऱ्या एस. टी. च्या गाड्यांतून एक नवा प्रवासी कोल्हापुरात उतरू लागतो. त्याच्या पाठीवर पिशवी असते, हातात गुणपत्रिकांची फाईल असते, आणि बरोबर वडील किंवा मामा असतात. प्रवेशाचा अर्ज, वसतिगृहाची चौकशी, खाणावळीचा दर, एवढे उरकून वडीलधारी मंडळी संध्याकाळच्या गाडीने परत जातात आणि मुलगा अथवा मुलगी शहरात राहते. तीन-चार वर्षे लोटतात. पदवी पदरात पडते. आणि मग घरी, पाहुण्यांत, नोकरीच्या मुलाखतीत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुढे येतो. आजवर त्या विद्यार्थ्याला सर्वांनी ‘काय शिकलास?’ असे विचारलेले असते. आता जग विचारते, ‘तुला काय येते?’

हे दोन प्रश्न वरवर सारखे दिसतात. वस्तुतः त्यांच्यात महदंतर आहे. पहिल्याचे उत्तर पदवीच्या कागदावर लिहिलेले असते. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही कागदावर मावत नाही. ते ज्याचे त्याला करून दाखवावे लागते.

हा भेद पाहावयाचा असेल, तर कोल्हापूरकरांना फार दूर जाण्याचे कारण नाही. उद्यमनगरातील किंवा शिरोलीतील एखाद्या ओतशाळेत क्षणभर उभे राहावे. साच्याच्या वाळूत ओल अधिक राहिली, तर वितळलेल्या लोखंडाच्या उष्णतेने तिची वाफ होते. त्या वाफेला बाहेर पडण्यास वाट मिळाली नाही, तर ओतीव वस्तूच्या पोटात पोकळ छिद्रे राहतात. पदार्थविज्ञानाचा कोणताही बरा विद्यार्थी हे कारण उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहील. परंतु वाळूची मूठ हातात घेऊन, ती दाबून, मोडून पाहून ‘आज पाणी जरा जास्त झाले’ असे सांगणारा तेथला साचेकार असतो. त्याला हे कळते, कारण त्याने चूक केली तर ती कोणी लाल शाईने खुणावीत नाही. माल नापास होतो, गिऱ्हाईक तो परत पाठविते, आणि दिवसभराचे श्रम पुन्हा भट्टीत जातात. अर्थात साचेकाराची मूठ म्हणजेच सर्वस्व, असेही नव्हे. वाळूची जात बदलली, तिच्यात घालावयाचे द्रव्य बदलले, की कालचा अनुभव अपुरा पडू लागतो आणि वाफेचे शास्त्र जाणणाऱ्याची गरज भासते. ज्ञान आणि हातोटी यांची एकमेकींना अशी नित्य गरज असता, विद्यार्थिदशेत त्यांची भेटच होऊ नये, हे दुर्दैव होय.

यावरून कौशल्याचे मर्म ध्यानात येते. ज्या कामात चूक झाली असता दुसऱ्या कोणाला तरी तोशीस पडते, त्याच कामातून खरे कौशल्य जन्मास येते. परीक्षेतील चुकीने फक्त स्वतःचे गुण जातात. जबाबदारीच्या कामातील चुकीने शेजाऱ्याचे जेवण चुकते, दुकानदाराचे पैसे अडतात, संस्थेची अब्रू जाते. म्हणून महाविद्यालयाच्या वर्षांत विद्यार्थ्याने कोणकोणती कौशल्ये संपादावीत, याची यादी करण्यापूर्वी त्याने कोणाचे कोणते काम अंगावर घ्यावे, हे ठरविणे अधिक महत्त्वाचे आहे.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाची परंपरा १८८० पासूनची आहे. त्याच्या अगदी आरंभीच्या विद्यार्थ्यांत गोपाळ कृष्ण गोखले हे एक होते. वडील वारलेले, थोरले बंधू गोविंदराव यांना महिना १५ रुपये पगार, आणि त्यांतले ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापुरास पाठवीत. अशा काटकसरीत शिकून गोखले पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ मध्ये पदवीधर झाले. परंतु ज्या गोखल्यांना देश ओळखतो, ते केवळ पदवीने घडले नाहीत. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या नजरेखाली त्यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम अंगावर घेतले. सरकारी अहवाल वाचावयाचे, जमाखर्चाचे आकडे पडताळावयाचे, त्यांतून निवेदने तयार करावयाची, असे ते रुक्ष काम होते. गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या आकड्यांत निष्णात असलेल्या गृहस्थांचे साह्य त्यांना लाभले. या निवेदनांतील एक आकडा चुकला असता, तर सबंध सभेचे म्हणणे लटके पडले असते. १८९७ मध्ये विलायतेत वेल्बी आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, आणि १९०२ मध्ये मध्यवर्ती कायदे मंडळात अर्थसंकल्पावर भाषण करून, सरकारच्याच आकड्यांनी, तिजोरीतील शिल्लक ही प्रजेच्या सुबत्तेची खूण नसून वाजवीपेक्षा अधिक करांची खूण आहे, असे दाखवून दिले. त्या भाषणामागे वक्तृत्व होते, त्याहून अधिक हिशेब तपासण्याची वर्षानुवर्षांची सवय होती. ती सवय कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हती.

कोल्हापूर संस्थानातील वसतिगृहांची चळवळही या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १९०१ मध्ये राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने मराठा विद्यार्थ्यांचे व्हिक्टोरिया बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. पुढे मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य गणल्या गेलेल्या आणि इतर समाजांच्या मुलांसाठी एकामागून एक बोर्डिंगे उभी राहिली. खेड्यातील मुलाला शहरात डोके टेकावयास जागा मिळावी, हा त्यांचा पहिला हेतू. परंतु अनेक मुले एका छपराखाली राहू लागली, की आणखी एक शाळा आपोआप सुरू होते. धान्य किती लागेल, पैसा कोठून येईल, आजारी मुलाजवळ रात्री कोण बसेल, भांडण कोण मिटवील, हे त्या शाळेचे विषय.

त्या वातावरणात वावरलेल्या एका विद्यार्थ्याने हीच गोष्ट पुढे शिक्षणाचे तत्त्व म्हणून मांडली. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहून राजाराम हायस्कुलात शिकले. मॅट्रिकच्या पलीकडे त्यांची मजल गेली नाही. ओगले यांच्या काचमालाचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे फिरते विक्रेते म्हणून त्यांनी गावोगावचे रस्ते तुडविले. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले आणि त्याला शाहू छत्रपतींचे नाव दिले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि शिकत. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा ‘कमवा व शिका’ ही पद्धत महाविद्यालयीन शिक्षणापर्यंत पोहोचली. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. तेथील विद्यार्थी भवनातही ती परंपरा रुजली. दिवसातील काही तास विद्यापीठाचे काम करावयाचे आणि त्याच्या मोबदल्यात राहून-जेवून पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे, या मार्गाने खेड्यांतील कितीतरी मुले पुढे आली.

या योजनेकडे पुष्कळ सुखवस्तू घरांतून केवळ गरिबांची सोय म्हणून पाहिले जाते. ‘आमच्या मुलाला कमावण्याची गरज नाही, त्याने नुसता अभ्यास करावा’, असे प्रेमाने म्हटले जाते. या प्रेमात एक चूक दडलेली आहे. कमाईची गरज नसेल. जबाबदारीची गरज मात्र श्रीमंताच्या मुलालाही तितकीच आहे. किंबहुना अधिक आहे, कारण गरिबाच्या मुलावर ती परिस्थिती लादते, आणि श्रीमंताच्या मुलाला ती कोणी दिल्याखेरीज मिळत नाही.

मग कोणती कामे घ्यावीत? पहिले, हिशेबाचे. वसतिगृहाच्या मेसचा एक महिन्याचा कारभार एखाद्याने पत्करावा. जेवणारे किती, किराणा किती आला, गॅसची टाकी किती दिवस पुरली, कोणाची बाकी राहिली, शिल्लक किती, हे रोजच्या रोज लिहावे आणि महिनाअखेर सर्वांपुढे वाचून दाखवावे. वाणिज्य शाखेत जमाखर्चाची तत्त्वे शिकविली जातात. परंतु दीडशे रुपयांचा मेळ लागत नाही म्हणून रात्री अकरापर्यंत पावत्या चाळणारा विद्यार्थी ती तत्त्वे जन्मभर विसरत नाही. वही असो की संगणक, मेळ लागण्याची तळमळ एकच असते.

दुसरे काम लेखनाचे. नगरपालिकेला, बँकेला, वीज कंपनीला, विमा कार्यालयाला लिहावयाचे पत्र म्हणजे निबंध नव्हे. काय घडले, कधी घडले, काय हवे, सोबत कोणती कागदपत्रे जोडली आहेत, एवढे एका पानात स्वच्छ सांगता येणे ही मोठी विद्या आहे. आज अशी पत्रे यंत्राकडूनही क्षणात लिहून घेता येतात. परंतु त्यातील तारीख खरी आहे काय, मागणी नियमाला धरून आहे काय, हे यंत्र सहीनिशी सांगत नाही. सही माणसाची असते. गल्लीतील एखाद्या वृद्ध गृहस्थाचा निवृत्तिवेतनाचा अर्ज लिहून द्यावा आणि तो मंजूर होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा. एवढ्या एका अर्जात भाषा, कायदा, कार्यालयांची रीत आणि धीर, चारही विषय शिकून होतात.

तिसरे काम हाताचे. ज्याच्या घरी ऊस आहे, त्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक हंगाम गुऱ्हाळात काढावा. रानभेंडीच्या चिकाने रसातला मळ वर कसा येतो, चुना किती घालावा, काहील नेमकी कोणत्या क्षणी उतरावी, हे गुळव्या डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखतो. त्याच्या शेजारी उष्णतामापक घेऊन उभे राहावे आणि त्याची नजर व आपला आकडा यांचा ताळा पाहावा. पाक एक पळभर अधिक राहिला, तर गुळाचा रंग जातो आणि बाजारात भाव पडतो. प्रयोगशाळेत हे भय नसते. म्हणून तेथे ती नजरही येत नाही. ज्याला गुऱ्हाळ जवळ नाही, त्याने विजेची जोडणी, पंपाची दुरुस्ती, शिवणकाम, स्वयंपाक, यांपैकी एखादे काम दुसऱ्याच्या उपयोगी पडेल इतके शिकावे. आणि येथे मुलगे व मुली असा भेद नको. साताऱ्याच्या वसतिगृहात मुलगे भाकरी थापीत होते. तर आजच्या घरात मुलीने बँकेचे व्यवहार आणि मुलाने चूल सांभाळण्यात बिघडते कोठे?

चौथे काम माणसांचे. वर्गात एकाच वयाच्या मुलांशी बोलणे होते. परंतु चिडलेल्या गिऱ्हाइकाशी, ऐकू कमी येणाऱ्या आजीबाईंशी, घाईत असलेल्या अधिकाऱ्याशी निरनिराळ्या रीतीने बोलावे लागते, आणि त्याहून अधिक, ऐकावे लागते. कोल्हापूरच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर कन्नड मुलूख लागतो. शेजारच्या भाषेतील शंभर वाक्ये ज्याला येतात, त्याला बाजारात आणि कारखान्यात एक वेगळेच दार उघडते.

या साऱ्याला एक मर्यादा मात्र अवश्य हवी. ज्या कामात पहिल्या आठवड्यानंतर नवे काहीच शिकावयास उरत नाही आणि जे रात्रीची झोप व सकाळचा अभ्यास दोन्ही खाऊन टाकते, ते काम कौशल्य देत नाही. ते फक्त वय घेते. गरजेपोटी ते करावे लागले तर त्यात कमीपणा नाही. परंतु त्याला शिक्षण म्हणून गौरविणे ही विद्यार्थ्याची फसवणूक होय. दुसरा धोका कागदाचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यावसायिक कौशल्ये व प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना पदवीच्या अभ्यासक्रमात स्थान दिले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु ओळखीच्या कार्यालयातून हजेरीचा दाखला आणून गुण पदरात पाडून घेतले, तर पदवीच्या चवडीवर आणखी एक कागद चढेल, इतकेच. दाखला काम झाल्याची खूण असावा. कामाला पर्याय असू नये.

महाविद्यालयाने काय करावे, सरकारने काय करावे, याची चर्चा चालतच राहील. घरांना मात्र तोवर थांबण्याचे कारण नाही. येत्या महिन्यापासून घरातील एक व्यवहार, मग तो किराणा असो, वीजबिल असो, की आजोबांच्या औषधांचा साठा असो, महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे पूर्णपणे सोपवून पाहावा. पूर्णपणे म्हणजे पूर्णपणे. एखादे वेळी औषध एक दिवस आधी आणावयाचे राहील, बिलाची तारीख टळेल, चार रुपये दंड पडेल. त्या वेळी ‘राहू दे, मीच करते’ असे म्हणून काम परत काढून घेण्याचा मोह आईने आवरावा. औषधाची चूक जिवावर बेतू नये इतकी नजर असावी. बाकीचा दंड ही शिक्षणाची फी समजावी. महाविद्यालयाच्या फीपेक्षा ती पुष्कळ स्वस्त आहे.

असे तीन वर्षे झाले, तर पदवी घेऊन घरी आलेल्या मुलाला ‘तुला काय येते?’ असे कोणी विचारण्याची वेळच बहुधा येणार नाही. ज्यांची कामे त्याने केली आहेत, तेच त्याच्याविषयी सांगत असतील.