सही करण्याआधी रस्ता मोजा
(पाड्यावरच्या बैठकीत केलेलं भाषण)



ग्रामपंचायतीत एक कागद आलाय. आपल्या पाड्याकडे येणारी वाट जंगलातून पुढे वाढवून हायवेला जोडायची, असं त्यात लिहिलंय. विरारपासून पालघर-बोईसरपर्यंत नव्या बिल्डिंगी उठतायत, गाड्या अडकतायत, म्हणून हा रस्ता पाहिजे. त्यासाठी आपल्या ग्रामसभेचा ठराव मागितलाय.

काही जण बोलले, "रस्ता येतोय ना, येऊ दे." मी त्यांना नावं ठेवत नाय. गेल्या पावसात माझ्या वहिनीला झोळीत घालून आम्ही दोन ओढे पार केले. झोळीचा बांबू माझ्याच खांद्यावर होता. आपल्याला रस्ता पाहिजेच. पण कोणता?

वनहक्क कायदा 2006, कलम 3(2) बघा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाणी, रस्ता अशा गावाच्या 13 सोयींसाठी वनजमीन देता येते. अटी तीन. एका कामाला 1 हेक्टरपेक्षा कमी जमीन. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे.

आता हिशोब करू. 1 हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर. रस्ता 4 मीटर रुंद असेल तर जवळजवळ अडीच किलोमीटर होतो. ॲम्ब्युलन्स येईल, एसटी येईल. तोच रस्ता 30 मीटर रुंद केला तर 333 मीटरवर हेक्टर संपला! म्हणजे शहराची कोंडी फोडणारा रस्ता या कलमात बसतच नाय. त्याला 1980 च्या वन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. मग आपल्याकडे आलेल्या कागदावर "गावाच्या सोयीसाठी" का लिहिलंय? आणि रुंदीची जागा कोरी का? आपली झोळी दाखवून त्यांचा रस्ता मंजूर करायचा, असा हा डाव आहे.

मोठ्या रस्त्यामागून दलाल येतो. ध्यानात ठेवा, महसूल कायद्याच्या कलम 36अ प्रमाणे आदिवासीची जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा देऊ नका.

म्हणून माझं म्हणणं असं. ग्रामसभेत दोन ठराव करू. पहिला, पाड्याला 4 मीटरचा रस्ता आणि ओढ्यांवर मोऱ्या याच वर्षी द्या. दुसरा, मोठ्या रस्त्याचा नकाशा, रुंदी, झाडांची मोजणी मराठीत दाखवा, तोवर शिफारस नाही. ज्यांचे वनहक्क दावे पडून आहेत त्यांची यादी त्याला जोडू. दाव्याचा निकाल लागेपर्यंत कोणाला जमिनीवरून हटवता येत नाही, हे कलम 4(5) सांगतं.

वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात. हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. पाच-सहा जणांच्या सह्या म्हणजे ग्रामसभा नव्हे. तेव्हा त्या दिवशी कामाला जाऊ नका, घरटी सगळे या. येताना दोरी आणा. आधी वाट मोजू, मगच लिहू.

जिंदाबाद!