अ‍ॅम्प्लिफायर आणि विरणारा तानपुरा



आमच्या उज्जैनला फ्रीगंजात टॉवर चौकाकडे अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला निघालेला माणूस आधी काय विचारतो? वॉट किती! दुकानदारही तयारीचा. खोक्यावर छापलेला पीएमपीओचा हजारांतला आकडा पुढे करतो. तो आकडा क्षणभराच्या जोराचा, आणि तोही बहुतेक कागदावरचाच. घरच्या खोलीत बेताच्या आवाजात गाणं ऐकायला एखादा वॉट पुरतो. शिवाय वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो तो जेमतेम ३ डेसिबल.

खरी परीक्षा हळू आवाजात होते. कुमार गंधर्वांचं देवास इथून जवळच, तेव्हा त्यांचीच रेकॉर्ड लावू. तानपुऱ्याची तार छेडली, नाद विरत चालला. अनेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर पेलतो, खालचा दुसरा. खांदा बदलताना दोघंही क्षणभर गप्प राहिले, की लहरीला तिथे खाच पडते. मोठ्या आवाजात ती खपून जाते. विरत्या नादात मात्र जवारीवर, म्हणजे तारेच्या त्या गुंजत्या झंकारावर, बारीक खरखर चढते. यावर उपाय म्हणजे काही वाजत नसतानाही दोघांतून थोडा करंट वाहता ठेवायचा. यालाच बायस म्हणतात. त्याने उष्णता बाहेर टाकणारी हीटसिंक तापते, मोठी लागते, खर्च वाढतो. म्हणून हलक्या मालात काटकसर नेमकी इथेच होते.

दुसरा उपाय फीडबॅकचा. १९२७ साली हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन इंजिनिअरला बोटीने कामावर जाताना निगेटिव्ह फीडबॅक सुचला. बाहेर पडलेल्या आवाजाचा अंश उलटा करून परत आत द्यायचा, म्हणजे लहरीतला बिघाड बराच कापला जातो. पण त्या खाचेपाशी ट्रान्झिस्टरच झोपलेले, तिथे फीडबॅक तरी किती सुधारणार?

जुन्या व्हॉल्व्हच्या सेटचा आवाज अनेकांना गोड वाटतो. मोजायला गेलं तर बिघाड त्यात जास्तच निघतो! पण त्यात मुख्यतः दुसरा हार्मोनिक मिसळतो, म्हणजे मूळ सा असेल तर वरचा सा. कान त्याला घरचाच समजतो. खाचेतून निघतात ते वरचे विषम हार्मोनिक. त्यातला सातवा कोमल निषादाच्याही खाली पडतो, आणि तो कुणाच्या कानाला रुचेल? माझ्या मते बिघाडाच्या नुसत्या टक्केवारीवर अ‍ॅम्प्लिफायर निवडणं व्यर्थ आहे.

दुकानात दोन यंत्रांची तुलना कराल तेव्हा दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. एखादा डेसिबल चढा असलेलं यंत्र सरसच वाटतं, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.