पाण्यात बुडवलेलं विमान

ब्रिटनचं ‘कॉमेट’ हे जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान 1952 साली सेवेत आलं. 1954च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये अशी दोन विमानं भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटली. मग कारण शोधायला फार्नबरोच्या ब्रिटिश विमान-संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी एक सबंध कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवलं. पंख तेवढे बाहेर. विमानाच्या आतही पाणी भरलं. आतल्या पाण्याचा दाब वाढवायचा, उतरवायचा, पुन्हा वाढवायचा. दर खेपेला जणू एक उड्डाण. पाणीच का? हवेच्या दाबानं विमान फुटलं असतं, तर त्याच्या चिंधड्या झाल्या असत्या आणि तडा कुठून गेला ते कळलंच नसतं. आधीची खरी उड्डाणं धरून सुमारे 3,000 खेपांनंतर पत्रा फाटला, आपत्कालीन खिडकीच्या कोपऱ्यापाशी. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसा धातू थकला होता. कॉमेटच्या खिडक्या काटकोनी होत्या असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. कोपरे गोलसर होते, पण ताण पेलण्याइतके नाहीत, आणि पत्राही पातळ होता. 1958 साली अटलांटिक ओलांडणाऱ्या नव्या कॉमेटला जाड पत्रा आणि गोल खिडक्या मिळाल्या.